सहा मुलाखती झाल्या, निवड एकाही ठिकाणी नाही : समोर बसलेले साहेब नेमके काय पाहतात?

पलूसचा_डिप्लोमा :

नमस्कार. मी पलूस तालुक्यातील असून २०२३ मध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला आहे. गेल्या पाच महिन्यांत कुपवाड, मिरज आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत मिळून सहा मुलाखती दिल्या. चार ठिकाणी 'कळवतो' असे सांगितले गेले आणि पुढे फोन आला नाही. दोन ठिकाणी त्याच दिवशी नकार मिळाला. गुण ७४ टक्के आहेत, एकही विषय मागे राहिलेला नाही, त्यामुळे कागदावर काही कमी असावे असे वाटत नाही. जे कमी पडते ते टेबलासमोर बसल्यावर पडते एवढे मला कळते, पण नेमके काय कमी पडते हे कोणीच सांगत नाही.

शेवटच्या मुलाखतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाचे उत्तर मी इंग्रजीत पाठ करून गेलो होतो. चौथ्या वाक्यात एक शब्द आठवला नाही आणि मी तिथेच थांबलो. समोरच्या साहेबांनी 'मराठीत सांगितले तरी चालेल' असे म्हटले, तरी डोक्यात पाठ केलेले इंग्रजीच फिरत राहिले. नंतर त्यांनी प्रोजेक्टबद्दल विचारले. आम्ही चौघांनी हळद पॉलिश करण्याचा ड्रम बनवला होता. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आणि ड्रम ३० फेऱ्यांचा, मग मधला वेग कसा उतरवला, हा त्यांचा प्रश्न होता. २० ला १ चा गिअरबॉक्स आणि १०० व २४० मिलिमीटरच्या पुली, हे उत्तर मला येत होते, तरी ते अडखळतच दिले. त्यानंतर 'बनवताना काय चुकले?' असे विचारल्यावर मी 'सर्व व्यवस्थित झाले' असे सांगितले. खरे म्हणजे एका बाजूचे बेअरिंग सारखे तापत होते आणि त्यावर आमचे तीन आठवडे गेले होते. परंतु चूक कबूल केली तर गुण कमी होतील अशी मला भीती वाटली. शेवटी, डिप्लोमा झाल्यानंतरचे दहा महिने काय केले असे विचारले, तेव्हा 'तयारी करत होतो' असे उत्तर दिले. त्या काळात वडिलांचे ऑपरेशन झाल्यामुळे ऊस आणि विहिरीवरची मोटर मीच पाहत होतो.

नकार इंग्रजीमुळे मिळतो का? प्रोजेक्टमधली चूक सांगावी का? घरी राहिलेले महिने कसे सांगावेत? आणि पगाराची अपेक्षा विचारली तर काय बोलावे? येथे प्रत्यक्ष मुलाखती घेणारे कोणी असतील तर कृपया मार्गदर्शन करावे.

कुपवाड_मशीनशॉप :

तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही तसेच लिहितो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षे काम करत आहे आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षे डिप्लोमा व आयटीआयच्या मुलांच्या मुलाखती घेत आहे. प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी असते, तेव्हा मी जे सांगतो ते आमच्या मशीनशॉपचे समजावे.

आमच्याकडे टेबलावर तीन वस्तू ठेवलेल्या असतात : लेथवर काढलेला एक शाफ्ट, त्याचे ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचे साधन. ड्रॉइंगवर २५ एच७ (इंग्रजीतला लहान एच, h) लिहिलेले असते, म्हणजे व्यास २५.००० मिलिमीटरच्या वर जायला नको आणि २४.९७९ च्या खाली उतरायला नको. उमेदवाराला एवढेच सांगितले जाते की हा शाफ्ट पास आहे की नाही ते ठरवा. बहुतेक मुले व्हर्नियर उचलतात, लावतात, २५.०२ वाचतात आणि 'साहेब, ओव्हरसाइज आहे' असे सांगतात. तो व्हर्नियर मुद्दाम निवडलेला असतो. जबडे मिटले तर शून्यावर शून्य बसत नाही, ०.०४ अधिक दाखवतो. म्हणजे खरे माप २४.९८ आहे आणि ते मर्यादेत बसते, पण अगदी काठावर.

काही वर्षांपूर्वी आष्ट्याकडचा एक मुलगा आला होता. त्याने आधी खिशातला रुमाल काढून जबडे पुसले, ते मिटवून उजेडाकडे धरले आणि 'यात शून्याची चूक आहे' असे सांगितले. मग शाफ्ट दोन ठिकाणी मोजला, वजाबाकी केली आणि थोडा थांबून म्हणाला, 'साहेब, या व्हर्नियरवर वाचता येणारे लघुतम माप ०.०२ आहे आणि इथे मापातली एकूण मुभाच (टॉलरन्स) ०.०२१ आहे, त्यामुळे यावर मी निर्णय देऊ शकत नाही, मायक्रोमीटर मिळेल का?' त्याचे इंग्रजी कसे आहे हे विचारायचे आम्हाला सुचलेसुद्धा नाही. आज तो आमच्याकडे लाइन इन्स्पेक्शन सांभाळतो.

आम्ही काय पाहतो, याचे माझे उत्तर त्या शाफ्टमध्ये आहे. हाताला सवय आहे का, हे एक. आणि आपल्याला काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही, याची सीमा माणसाला दिसते का, हे दुसरे. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. रात्रपाळीत शंभर नग चुकीचे निघतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा अज्ञान नसते, तर विचारायला संकोचलेला माणूस असतो. ऑफसेट (हत्याराची मशीनला दिलेली जागा) चुकला असावा अशी शंका पहिल्याच नगाला आलेली असते, पण सुपरवायझरला उठवायचे कसे, या विचारात मशीन चालूच राहते. म्हणून मुलाखतीत 'हे मला येत नाही, पण अमुक ठिकाणी पाहून सांगू शकेन' असे कोणी म्हटले, तर मी ती जमेची बाजू धरतो. मात्र हे वाक्यही पाठ करून प्रत्येक प्रश्नाला लावणारे असतात, आणि ते दोन मिनिटांत कळते.

आता तुमच्या ड्रमबद्दल. 'काय चुकले' हा प्रश्न विचारणाऱ्याला तुमची चूक पकडायची नसते. यंत्र बनवताना काहीच चुकत नाही असे होत नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. 'सर्व व्यवस्थित झाले' या उत्तराचे दोनच अर्थ त्याच्यापुढे उरतात : एक तर तुम्ही ड्रमला हात लावलेला नाही, नाहीतर तुम्ही माहिती दडवता. दोन्ही अर्थ तुमच्या विरुद्ध जातात. बेअरिंग का तापत होते आणि ते तुम्ही कसे शोधले, हे येथे लिहाल का? मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

इंग्रजीबद्दल थोडक्यात सांगतो. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदी चालते. परंतु ड्रॉइंगवरच्या टिपा, ग्राहकाचे ऑडिट आणि तक्रारीला द्यायचे उत्तर इंग्रजीत असते, म्हणून वाचता येणे आणि चार ओळींचा ईमेल लिहिता येणे गरजेचे आहे. त्यात सवलत मिळेल असे समजू नका. फाडफाड बोलता येणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि आमच्या कामाला ती लागत नाही. समोरचा माणूस मराठीत बोला म्हणतो तेव्हा तो तुमची परीक्षा घेत नसतो, तुम्हाला हात देत असतो. तो हात धरायला हवा होता.

शिरवळ_मनुष्यबळ :

मी खंडाळा तालुक्यात, शिरवळच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. वरील सरांनी कामाच्या बाजूने सांगितले आहे. तांत्रिक फेरी आटोपल्यावर उमेदवार माझ्याकडे येतो, आणि तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न असतो : हा मुलगा टिकेल का?

नव्या मुलाला मशीनवर स्वतंत्रपणे उभे करायला आमच्याकडे सुमारे तीन महिने लागतात. या काळात एक अनुभवी ऑपरेटर त्याच्यासाठी अडकलेला असतो. चौथ्या महिन्यात मुलगा सोडून गेला तर ते सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून राहण्याची व्यवस्था, येण्याजाण्याची सोय, पाळीची तयारी हे प्रश्न मी बारकाईने विचारते. मुलांना ते औपचारिक वाटतात आणि ते 'काही अडचण नाही मॅडम' एवढेच सांगतात. याउलट वाई तालुक्यातल्या एका मुलाने मला सांगितले होते की त्याच्या गावातून निघणारी पहिली एस.टी. सकाळच्या पाळीला उशिरा पोहोचते, त्यामुळे पहिले दोन महिने तो शिरवळमध्ये मित्रांबरोबर खोली घेईल, पुढे दुचाकीचा विचार करील, आणि खोलीचे भाडे किती आहे हेही त्याने आधीच विचारून ठेवले होते. अडचण आहे हे मान्य करून त्यावर उपाय शोधलेला माणूस मला 'काही अडचण नाही' म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो.

तुमच्या दहा महिन्यांबद्दल मला तळमळीने सांगावेसे वाटते, कारण हीच चूक मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. घरच्या आजारपणासाठी थांबणे यात लपवण्यासारखे काहीही नाही. 'तयारी करत होतो' म्हटले की पुढचा प्रश्न 'कशाची तयारी?' हा येतो आणि तिथे तुमच्याजवळ काही उरत नाही. 'वडिलांचे ऑपरेशन झाले, दहा महिने शेती मी पाहिली, आता ते बरे आहेत आणि शेतीची व्यवस्था अमुक केली आहे' अशी दोन वाक्ये पुरेशी आहेत. शेवटचा भाग विसरू नका. ऊसतोडीच्या हंगामात तुम्ही पुन्हा महिनाभर सुटी मागणार का, ही आमची शंका त्यानेच दूर होते.

तुम्ही विहिरीवरची मोटर पाहत होता, असेही लिहिले आहे. म्हणजे काय करत होता? फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप, गळू लागला की सक्शनचे पाणी उतरते आणि पंप पाणी धरत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवले असेल. ग्लँड पॅकिंग (पंपाच्या शाफ्टभोवती गळती थांबवणारी दोरी) बदलले असेल, स्टार्टर ट्रिप का होतो ते शोधले असेल. ज्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना उभा आहे आणि जिथले पंप देशभर गेले, ती तुमच्याच तालुक्यात आहे. त्या तालुक्यातल्या मेकॅनिकलच्या मुलाने दहा महिने पंप चालता ठेवला आणि बायोडेटात त्याची एक ओळही लिहिली नाही, याचे मला वाईट वाटते.

पगाराबद्दल. आकडा सांगायला घाबरू नका, पण तो कोणता आकडा आहे हे आधी समजून घ्या. समजा एकूण मासिक वेतन १८,००० रुपये आहे. त्यात मूळ पगार १२,००० आणि बाकीचा घरभाडे भत्ता. मूळ पगारावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी म्हणजे १,४४० रुपये, एकूण वेतनावर ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे १३५ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. हातात १६,२२५ येतात. सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात, मालकाचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटाही धरलेला असतो, त्यामुळे तो आकडा याहून मोठा दिसतो. 'हातात किती येतील?' असे विचारणारा उमेदवार आम्हाला लोभी वाटत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या पगारपत्रकाच्या दिवशी चकित होऊन भांडणारा उमेदवार मात्र सर्वांनाच त्रासदायक होतो. तुमची अपेक्षा एका पट्ट्यात सांगा आणि त्याचे कारण द्या : खोलीभाडे, प्रवास, घरी पाठवायची रक्कम. कारण असलेल्या आकड्यावर बोलणी करता येतात.

मिरजेची_क्वालिटी :

मी मिरजेत गुणवत्ता विभागात दोन वर्षांपूर्वी रुजू झाले, त्याआधी माझ्याही पाच मुलाखती वाया गेल्या होत्या. मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगते. प्रत्येक मुलाखतीनंतर बसस्टँडवर बसून, घरी पोहोचण्याआधीच, मी विचारलेले सर्व प्रश्न वहीत उतरवत असे आणि समोर माझे खरे उत्तर, म्हणजे जे द्यायला हवे होते ते, लिहीत असे. चौथ्या मुलाखतीपर्यंत दिसून आले की निम्मे प्रश्न तेच तेच आहेत.

मुलींसाठी आणखी एक. मला दोन ठिकाणी 'लग्न कधी करणार?' असे विचारले गेले. हा प्रश्न मुलांना विचारला जात नाही आणि कामाच्या पात्रतेशी त्याचा काहीही संबंध नाही, असे माझे ठाम मत आहे. मनुष्यबळ विभागातील ताईंनी 'टिकेल का' हा मुद्दा मांडला, तो मला मान्य आहे. पण तो तपासायचा असेल तर वाईच्या मुलाला विचारले तसे प्रवासाचे आणि पाळीचे प्रश्न विचारावेत. मी 'पुढील तीन वर्षे मिरज सोडण्याचा विचार नाही, दोन्ही पाळ्या करीन' एवढेच उत्तर दिले होते आणि लग्नाचा विषय तिथेच थांबवला होता.

शिरवळ_मनुष्यबळ :

आपले म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. आमच्याकडे सर्व उमेदवारांना त्याच क्रमाने तेच प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यायचे, अशी पद्धत सुरू केल्यापासून असे प्रश्न आपोआप गळून पडले. गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीत बोलका उमेदवार पुढे जातो आणि शांत स्वभावाचा चांगला कारागीर मागे राहतो, हेही त्यामुळे कमी झाले.

सातारा_जमाखर्च :

माझे क्षेत्र वेगळे आहे, तरी लिहितो, कारण मूळ गोष्ट तीच आहे. साताऱ्यात आमचे हिशेबाचे छोटे कार्यालय आहे आणि दरवर्षी दोन-तीन बी.कॉम. झालेली मुले आम्ही घेतो. मुलाखतीत मी दहा बिलांचा गठ्ठा देतो आणि नोंदी करायला सांगतो. त्यात एक बिल असे असते की पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, म्हणजे तो कर्नाटकातला आहे, माल साताऱ्यात उतरलेला आहे आणि बिलावर मात्र परराज्यातल्या मालाला लागणाऱ्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी व एसजीएसटी लावलेला आहे. काही मुले बिलावर आहे तशीच नोंद करतात. काही जण स्वतःच्या मनाने आयजीएसटी करून टाकतात, आणि मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते, कारण कागद एक सांगतो आणि वही दुसरेच सांगते. मला हवा असलेला उमेदवार ते बिल बाजूला काढतो आणि म्हणतो, 'नऊ झाली, हे एक पुरवठादाराला विचारल्याशिवाय करता येणार नाही.'

आणखी एक गोष्ट सातारकर म्हणून सांगावीशी वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा व शिका' ही या मातीतली योजना झाली. त्या योजनेत तीन वर्षे महाविद्यालयात काम करून शिकलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. बायोडेटात तिने छंद म्हणून 'वाचन, संगीत' असे लिहिले होते, पण पहाटे उठून ग्रंथालयाची झाडलोट आणि पुस्तकांच्या नोंदी करण्याचे काम लिहिले नव्हते. ते सहज बोलण्यातून निघाले. तीन वर्षे रोज वेळेवर उठून नोंदी ठेवणारी व्यक्ती हिशेबाच्या कार्यालयाला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक हवी असते. पलूसच्या मित्राने पंपाबद्दल जे केले तेच तिनेही केले होते : खरे काम लपवले आणि सर्वांच्या बायोडेटात असते ते लिहिले.

पलूसचा_डिप्लोमा :

सर्वांचे मनापासून आभार. इतके स्पष्ट आजवर कोणी सांगितले नव्हते.

कुपवाडच्या सरांनी विचारले म्हणून लिहितो. ड्रम हाताने फिरवला की जड लागायचा. सुरुवातीला आम्हाला बेअरिंगच खराब असल्याची शंका आली, म्हणून ते बदलले; नवीनही अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतके तापले. नंतर दोन्ही प्लमर ब्लॉकमधून (बेअरिंग बसवायच्या ठोकळ्यांमधून) दोरा ताणून पाहिला, तेव्हा मोटरच्या बाजूचा ब्लॉक जवळजवळ दोन मिलिमीटर खाली असल्याचे दिसले. फ्रेम वेल्डिंग करताना आम्ही एकच बाजू सलग मारत गेलो होतो, त्यामुळे ती ओढली गेली होती. पुन्हा कापायला वेळ नव्हता, म्हणून ब्लॉकखाली पत्र्याच्या चकत्या घालून पातळी जुळवली आणि मग ड्रम दोन तास चालवला, तेव्हा बेअरिंग कोमट राहिले. चकत्या कापण्याचे काम माझे होते. पंपाचेही ताईंनी लिहिले ते तंतोतंत खरे आहे. फूट व्हॉल्व्ह दोनदा काढून साफ केला आणि ग्लँडची दोरी मीच बदलली.

येत्या गुरुवारी मिरजेत एक मुलाखत आहे. हे सर्व मराठीत सांगितले तर चालेल का, आणि ड्रॉइंग बरोबर न्यावे का?

कुपवाड_मशीनशॉप :

सुरुवातीलाच 'मराठीत सांगू का?' असे विचारा. नाही म्हणाले तर इंग्रजीत जमेल तेवढे सांगा आणि बाकी ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवा. ड्रॉइंग अवश्य न्या, मात्र तुमच्या हातचे, खाडाखोड असलेले न्या. संगणकावर काढलेली स्वच्छ प्रत चौघांकडेही सारखीच असेल.

बेअरिंगबद्दल आत्ता जे लिहिलेत ते याच क्रमाने सांगा : जड लागणे, बेअरिंग बदलणे, दोरा, दोन मिलिमीटर, चकत्या. त्यानंतर ते तुम्हाला हमखास विचारतील की आज पुन्हा फ्रेम बनवायची झाली तर वेल्डिंग कसे कराल. आधी सर्व सांधे टाचून घेणे, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या मारणे, आणि ब्लॉकच्या बैठका वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच मशीनवर सपाट करून घेणे, हे का करायचे याचा विचार गुरुवारच्या आत करून ठेवा. शक्य असेल तर तुमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अर्धा दिवस उभे राहून तो हे कसे करतो ते पाहून या. आणि त्या चकत्यांपैकी एखादी अजून घरी पडलेली असेल, तर ती खिशात घालून घेऊन जा.